सांडव्यातल्या गोणी

पडदा वर जातोय, मंडळी. मागे मलंगगडाची रांग, ढगात निम्मी बुडालेली. पुढे तुडुंब तलाव, त्याला अडवून उभा मातीचा बांध. आणि बांधाच्या टोकाला, छत्री फेकून गुडघाभर पाण्यात उतरलेली एक बाई. त्या आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या मालनताई साळवे.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ताईंनी शीळफाट्यापलीकडच्या या पाड्यासाठी धरण आखलं. मध्ये चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, प्रत्येक थर पाणी मारून दाबलेला. दोन उन्हाळे पाडा राबला. माती वाहून वाहून पाड्यातल्या रंगूबाईची डोक्यावरची चुंबळ झिजली, ती मी डोळ्यांनी पाहिली.

जादा पाणी निघून जावं म्हणून ताईंनी कडेच्या खडकात वाट ठेवली होती, तो सांडवा. आम्हा रंगमंचावरच्यांना हे लवकर कळतं. पात्राला बाहेर जायला वाट नसेल, तर ते सेट फोडून जातं.

पण पाड्याला ते वाहून जाणारं पाणी बघवेना. त्यांनी सांडव्यात रेतीच्या गोणी रचल्या. पाणी हातभर चढलं. मग पावसानं मुक्कामच ठोकला. पाणी समितीच्या उत्तमनं फोनवर ही गोणींची युक्ती कौतुकानं सांगितली, आणि ताईंनी मला तशीच गाडी काढायला लावली.

"काढा या गोणी," ताई म्हणाल्या.

"जातंय ते आमचंच पानी," रंगूबाई म्हणाली. "वैशाखात कोसभर हंडा मी वाहते. तुला डोंबिवलीत नळ हाय."

"नळ शोभेला आहे. आम्ही टँकरवर जगतो. मातीचं धरण पोटात पाणी धरतं, रंगूबाई. डोक्यावरून गेलं की माती धुपते, आणि सगळंच जातं."

"दुपारपर्यंत बघू की," उत्तम म्हणाला. "ओसरंल."

"तू बघ. मी काढते."

ताईंनी गोण ओढली. ती हलली नाही, ताईच पाण्यात बसल्या. रंगूबाईला हसू आवरेना.

"ऊठ आता, बाईसाहेब."

तेवढ्यात बांधाच्या माथ्यावर, जरा खचलेल्या जागी, पाण्याची एक जीभ पलीकडे उतरली. मागच्या उतारावर गढूळ ओघळ धावला. तिथली माती रंगूबाईनं वाहिलेली. तिचं हसू तिथंच थांबलं. तिनं लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरली.

"सरक. तुला धरता येत नाय."

मग उत्तम आला, मग सगळा पाडा. ताई जागा दाखवत होत्या आणि स्वतःही ओढत होत्या. शेवटच्या गोणी निघाल्या तसं पाणी सांडव्यातून गर्जत निघालं. हळूहळू माथ्यावरचा ओघळ आटला. बांध जागेवर होता.

रंगूबाई मात्र त्या वाहत्या पाण्याकडेच बघत होती.

"वैशाखापर्यंत पुरंल का गं?"

ताई लुगड्याच्या पदरासारखं ओढणीचं ओलं टोक पिळत होत्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"चैत्रापर्यंत पुरेल. पुढच्या पावसाचं वैशाखापर्यंत पुरावं म्हणून दिवाळीनंतर पुन्हा माती वाहू. आधी बांधाचा माथा उंच करायचा, मग तेवढाच सांडवा. आणि या खेपेला चुंबळ नवी आण."