पाळकसाहेबांचं पत्र

रविवारी पाळकसाहेब आमच्या घरून गेले. बुधवारी माझी बायको रत्ना वारली.

या दोन वाक्यांच्या मधलं मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच.

मी अमिरातीत, अल ऐनला एका शाळेत इतिहास शिकवतो. घरी वाचन एकाच गोष्टीचं — पहिल्या शतकांतली ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, गावोगाव फिरणारे पाळक, त्यांचे वाद, खरा कोण आणि पाखंडी कोण. त्या काळी परक्या मंडळीत जायचं तर पाळकाला आपल्या मंडळीचं शिफारसपत्र न्यावं लागे. आमच्या इथल्या छोट्या मराठी मंडळीत ही रीत मीच सुरू केली. पत्र नाही, तर उपासना चालवायची नाही. सेक्रेटरी मीच. लोक हसायचे, पण पाळायचे.

शांतवन पाळक नगरकडचे. साठी उलटलेली, चप्पल दोनदा शिवलेली. व्हिजिट व्हिसावर आलेले. दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पपासून आमच्यापर्यंत, जिथे मराठी ख्रिस्ती माणूस असेल तिथे जायचे. आमच्याकडेच उतरले. दारात पाऊल ठेवताच त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं.

रत्नाचा कॅन्सर तेव्हा हाडांत पोचला होता. तिनं त्यांना विचारलं, "देवाला कळतं का हो, हे कसं दुखतं ते?"

"रत्नाताई, क्रुसावर बापच होता," ते म्हणाले. "खिळे त्यालाच लागले."

त्या दुपारी ती झोपली. कित्येक आठवड्यांनी.

आणि मला काय आठवलं? हे मत मंडळीनं केव्हाच पाखंड ठरवलं आहे, हे. दुःख पुत्रानं, येशूनं सोसलं; देवबापानं नाही. मी चार महिने तिच्या उशाशी बसून तिला बरोबर गोष्टी सांगत होतो — त्यांनी तिचा एकदाही डोळा लागला नव्हता. मला चुकीच्या शिकवणीचा राग आला, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. मला त्या झोपेचा राग आला होता.

ती त्यांना म्हणाली, "रविवारी उपासना झाली की मला प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला द्या. तुमच्याच हातून हवंय."

तुमच्याच हातून — हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

रविवारी उपासनेआधी मी उभा राहिलो आणि त्यांचं पाखंड मंडळीला समजावून सांगितलं. कुणावर काही परिणाम झाला नाही. सोनापूरहून पहाटेच्या बसनं आलेला दाविद, टाइल्स बसवणारा, म्हणाला, "सर, जाऊ द्या ना. माणूस चांगलाय. पत्र तर आणलंय ना त्यांनी?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हसलेसुद्धा — सांगा की, अशा अर्थानं.

मी म्हणालो, "माझ्याकडे कुठलंही पत्र आलेलं नाही."

पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

"सर, तुमच्या हातात दिलं मी," ते म्हणाले. एकदाच. पुढे का बोलले नाहीत? आजारी बाईच्या नवऱ्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, म्हणून? मला वाटतं, म्हणूनच. आणि ते बोलणार नाहीत, हे मी आधीच ओळखलं होतं. दाविदनं मान खाली घातली. मागून कुणीतरी म्हणालं, "खलास."

ते बॅग घ्यायला घरी आले, तेव्हा मी रत्नाच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. "झोपली आहे," म्हणालो. ती जागी होती.

संध्याकाळी तिनं विचारलं, "पाळकसाहेब?"

"गेले."

"न भेटता?"

"फिरती माणसं अशीच असतात." इथेच थांबलो असतो — पण नाही. मी पुढे म्हणालो, "आणि रत्ना, बापाला खिळे लागले नव्हते. ते शिकवणं चुकीचं होतं."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तिनं माझ्याकडे पाणी मागितलं, गोळी मागितली. दुसरं काही बोलली नाही.

मुलगी दुबईत, सिलिकॉन ओएसिसला राहते. कधी विषय निघाला की म्हणते, "दॅट फ्रॉड पास्टर, डॅड." मी विषय बदलतो.

पत्रावर त्यांच्या मंडळीचा शिक्का आहे. आमच्या या भावाला आपल्यात घ्यावं, एवढाच मजकूर आहे. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.