हन्नाबाईंच्या मानाचा शनिवार

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत ज्यूचं घर एकच, हन्नाबाई वाकरुळकरांचं. नवरा सॉलोमन रेल्वेत गार्ड होता. कोकणातून बदली होऊन आला आणि इथलाच झाला. तो गेल्यावर लेकीनं ठाण्याला बोलावलं, पण बाईंना वस्ती सोडवेना. उभी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलेली, वस्तीतल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेले. आजही त्या रस्त्यानं निघाल्या की मिशा पिकलेले बाप्ये विडी पाठीमागं लपवतात.

राजेहो, बाईंचा शनिवार काय प्रकरण होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचा घोटाळा डोक्यात शिरायचा नाही. बाईंचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून तिकडे लोक त्यांना शनवार तेलीच म्हणत. तो शनिवार बाईंनी इथंही सोडला नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा, दिवे लावायचे, मनुक्यांचं सरबत पुढ्यात घेऊन प्रार्थना म्हणायची. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम म्हणून करायचं नाही. गॅस पेटवायचा नाही, पेन धरायचा नाही, ऑटोत बसायचं नाही. वस्तीनं हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि एवढंच ध्यानात ठेवलं की शनिवार हा बाईंच्या देवाचा मोठा मानाचा वार. त्या दिवशी बाई घरात बसून नेमकं काय करतात, हे कोणी विचारलं नाही.

बाईंच्या तोंडात दात उरले होते थोडेच, आणि तेही एकमेकांना भेटत नव्हते. भाकर दुधात कुस्करायची, पेरू नुसता हुंगायचा आणि कोणी हसवलं तर तोंडावर पदर घ्यायचा, असं चाललं होतं. खाजगी डॉक्टर पेन्शनीत बसत नव्हता. बाईंना एक चांगली कवळी हवी होती, बाकी जगाकडून काही मागणं नव्हतं.

अशात निवडणूक लागली आणि भगवंतराव दारात आला. हा बाईंचाच विद्यार्थी, घर बाईंच्या अंगणातून दिसतं एवढ्यावर. वाकून पाया पडला. म्हणाला, "बाई, मले निवडून द्या, मी इथलं आरोग्यच सुधारतो. दर आठवड्याले दातांची गाडी आणतो. डॉक्टर गाडीत, खुर्ची गाडीत, कवळी फुकट."

बाई पाघळल्या. पायात चपला अडकवून घरोघर फिरल्या. "माह्या शब्दावर मत द्या त्याले. पोरगा ढ होता, पण लबाड नोता," असं सांगत सुटल्या. बाईंना नाही म्हणायची छाती वस्तीत कोणाची नव्हती. भगवंतराव दणक्यात निवडून आला.

आणि काय सांगावं, गाडी खरंच आली. बुधवारी संध्याकाळी चौकात कार्यक्रम झाला. बाईंना स्टेजवर बसवलं, हार घातला. भगवंतरावानं माईक हातात घेतला. "ऑफिसवाले आपल्याले गुरुवार देऊन रायले होते. मी भांडलो. म्हटलं, आमच्या बाईंच्या मानाचा वार शनिवार हाये, तर गाडी शनिवारीच आली पायजे. आन् शनिवार आणला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंची दातखीळ बसली. तोंडावर पदर होता, म्हणून लोकांना वाटलं बाई लाजल्या.

आता बाई शनिवारी जाणार नाहीत हे तर झालंच. पण बाकीच्यांचं काय झालं ते ऐका. पहिल्या शनिवारी गाडी चौकात उभी राहिली, आत डॉ. आकांक्षा नावाची हसरी पोरगी पांढरा कोट घालून बसली, आणि एक माणूस फिरकला नाही. शेजारचे नत्थुजी दाढेच्या ठणक्यानं गाल धरून ओट्यावर बसले होते. बाईंनी विचारलं, काहून गेला नाहीत?

"शनिवारी?" नत्थुजी म्हणाले. "आमी शनिवारी नखं काढत नाही, लोखंड इकत घेत नाही. तं लोखंडाचा चिमटा तोंडात घालून दाढ काढू?"

असंच घरोघर होतं. शनीच्या वाराला दाताशी खेळायला कोणी तयार होईना. राहता राहिल्या पलीकडच्या हमिदाबी, तर त्यांचे दात सुपारी कडाकड फोडणारे, त्यांना डॉक्टर कशाला? डॉ. आकांक्षा दर शनिवारी येई, मोबाइल पाहत बसे आणि डबा खाऊन जाई. हळूहळू वस्तीत कुजबुज सुरू झाली. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, की बाईंच्या मानापायी आपले दात सडून राहिले.

हे कानावर आलं तेव्हा बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दातओठ खायचे तर तीही सोय नव्हती. ज्याच्यासाठी शब्द टाकला, त्यानं सगळ्या वस्तीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. एवढ्यात हमिदाबींनी खबर आणली, "बाई, गाडी वलगावले चालली. म्हणते, इथं पेशंटच नाही. उद्याचा शनिवार आखरी."

बाईंनी शुक्रवारी दिवे लावले, प्रार्थना म्हटली, आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेच्या मधे भगवंतरावाला मनातल्या मनात दोन शिव्याही घातल्या. मग विचार केला. चौक पायी चार पावलांवर. चालायला बंदी नाही, खुर्चीत बसायला नाही, तोंड उघडायलाही नाही. काम तर सारं डॉक्टरीण करणार.

शनिवारी सकाळी बाई निघाल्या. वस्ती दारादारांतून पाहू लागली. बाई गाडीत चढल्या, खुर्चीत बसल्या, तोंड उघडलं. आकांक्षाला पहिला पेशंट पाहून भरून आलं. तिनं कागद पुढं केला. "आजी, इथं फक्त सही करा."

बाईंनी तोंड मिटलं. "आज मी पेन धरत नाही."

"मग अंगठा द्या."

"मी?" बाई म्हणाल्या. "या वस्तीले सही कराले मी शिकवलं. अंगठा मेली तरी देणार नाही. आन् अंगठ्याची शाईही आज चालत नाही."

सहीशिवाय आकांक्षाला हात लावता येईना. तेवढ्यात बाई गाडीत बसल्याची बातमी लागून भगवंतराव फोटोवाल्याला घेऊन धावत आला. मागं सगळी वस्ती गोळा झाली.

"बाई, तुमच्यासाठीच तर शनिवार आणला," तो म्हणाला. "मंग सही काहून नाही?"

"शनिवारी आमी काहीच काम करत नाही, भगवंता. मानाचा वार हाये, म्हणून तं घरी बसते."

भगवंतरावानं कपाळावर हात मारला. "मंग मले सांगाचं ना, बाई."

"तुह्यं घर माह्या अंगणातून दिसते," बाई म्हणाल्या. "मत मागाले आला तवा पायावर डोकं ठेवलं. त्याच्यानंतर एकदा तरी आला? कवळीचं जाऊ दे रे. माह्यासाठी वार निवडला आन् मलेच इचारलं नाही."

भगवंतरावाला तोंडात मारल्यासारखं झालं. फोटोवाल्यानंही कॅमेरा खाली घेतला. भगवंतराव म्हणाला, "आता इचारतो. कोणता वार ठेवू?"

"मले एकटीले नको. सगळे हायेत, सगळ्याइले इचार."

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. सोमवार म्हटलं तर माणिकबाईंचा महादेवाचा उपास, उपासाला तोंडात रक्त नको. मंगळवार देवीचा. शुक्रवारला हमिदाबी आडव्या आल्या. दात शाबूत असले म्हणून काय झालं, जुम्म्याच्या वक्ताला आमच्या माणसांनी नमाजला जायचं का चिमट्याखाली बसायचं? गुरुवारी नत्थुजी गजानन महाराजांच्या देवळात पायी जातात, ते ठणकत्या दाढेनिशी अडून बसले. रविवार आकांक्षाच्या सुट्टीचा, तो तिच्या आईनं घरासाठी ठेवून घेतलेला. भगवंतराव उन्हात घामाघूम उभा राहून एकेकाचं ऐकत होता, आणि वस्ती आपलं गाऱ्हाणं सोडत नव्हती. शेवटी उरला बुधवार. त्याच्याविरुद्ध कोणत्याच देवाचं काही निघालं नाही.

भगवंतरावानं तिथूनच ऑफिसात फोन लावला, हातापाया पडला, आणि गाडी राहिली. लोक पांगले. तो मात्र बाईंसोबत त्यांच्या दारापर्यंत गेला आणि तिथं घुटमळला. "बाई, तुमच्याबद्दल अजून काय काय ठाऊक नाही मले?"

"लय हाये. उद्या ये. आज चहाही ठेवता येत नाही."

रविवारी तो खरंच आला, पण सवयीनं फोटोवाल्यालाही घेऊन आला. बाईंनी फोटोवाल्याला ओट्यावर बसवून कपभर चहा दिला, भगवंतरावाला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.