कच्चं मडकं वाजत नाही

दुपार कलंडलीय. रेश्माचा डोळा लागतोय, उघडतोय, पुन्हा लागतोय. पाठ भिंतीला, खांद्यावर दोन महिन्यांची पोर. आठवडाभर रेश्मा आडवी झालेली नाही. अंगाचा असा चिखल झालाय की कुणी चाकावर घातलं असतं, तर एव्हाना तिचा रांजण झाला असता.

खोकला घरात आणला तो तिच्या नवऱ्यानं, मारुतीनं. किती दिवस झाले, वीटभट्टीवर उभ्या उभ्या उबळ येते, थांबता थांबत नाही, शेवटी हूप करून श्वास ओढतो आणि खाल्लेलं सगळं बाहेर. डांग्या खोकलाच तो. आता पोर खोकतेय, पण हूप करत नाही. हूप नाही म्हणजे डांग्या नाही, असं अख्ख्या कुंभारआळीनं ठरवून टाकलंय. आणि असला तरी घाबरायचं कशाला, दारात गाढवीण आणि तिचं शिंगरू बांधलेलं आहे. मारुती म्हणून गेलाय की संध्याकाळी धार काढू, वाटीभर पाजू. त्याच्या आईनं याच दुधावर गाव बरा केला होता.

गाढवीण उंबरा ओलांडून आत येते, चुलीपाशी बसते. रेश्माला त्यात काही वावगं वाटत नाही. गाढविणीच्या पाठीवरून आत्या उतरते. सासूच ती, भागाबाई. वारून तीन वर्षं झाली, तरी मिश्रीचं बोट अजून तोंडातच.

"सरक गं," आत्या म्हणते. "सरपंचाला हिचं दूध पाजलं होतं. सभेत भाषणाला उभा राहिला आणि रेकायलाच लागला."

ही गोष्ट रेश्मानं दर खेपेला वेगळ्या सरपंचाची ऐकलीय. हसायलाही तिच्यात त्राण नाही. "तुम्हीच सांगा आत्या, किती पाजू?"

"शिंगराचं दूध शिंगराला पाजावं."

"मग गावाला वाटलंत ते?"

"मोठी माणसं होती ती. शंभर दिवस खोकली आणि आपसूक बरी झाली. नाव माझ्या गाढविणीचं झालं."

चूल असते तिथं आता लशीची खोली आहे. बाकावर बाया बसल्यात, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक मडकं. नर्सबाई पोरीचं नाव पुकारतात. रेश्माला उठवत नाही. त्या दिवशी भट्टी पेटवायची होती, म्हणून टोचायला न्यायचं राहिलं, असं ती पुटपुटते.

आत्या रागावत नाही. "भट्टी विझली तर पुन्हा पेटते," एवढंच म्हणते.

बाक नदीत आहे. पाणी घोट्यापर्यंत, गार. आत्या मांडीवरची मडकी एकेक करून टिचकीनं वाजवते. भाजलेलं खणखणतं. तडकलेलं बद्द बोलतं. मग ती रेश्माच्या खांद्यापाशी वाकते, पोरीच्या पाठीला कान लावते.

"हे कच्चं आहे. कच्चं मडकं वाजत नाही, म्हणून ते धड आहे असं कुणी कुंभार म्हणतो का? हूप ओढायला हिच्यात ताकद कुठली? ही नुसती गप्प होते. ओठ निळे पडतात."

"निळे नाहीत आत्या, उजेडच कमी आहे," रेश्मा म्हणते, आणि म्हणता म्हणता तिला कळतं की हे ती सकाळपासून स्वतःला सांगतेय.

"मध चाटवू नको, काही पाजू नको, नीट उभी धर आणि दवाखाना गाठ. आणि औषध घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं, माझ्या खोकणाऱ्या लेकानंसुद्धा." आत्या तिच्या पदराचं टोक ओढते, डाव्या हातानं करकचून गाठ मारते. "नाहीतर विसरशील. झोपाळू आहेस."

रेश्मा जागी होते. खांद्यावर हालचाल नाही. ती पोरीला पुढं घेते. ओठ जांभळे, छाती थांबलेली. तळवे चोळते, पाठ चोळते, तेव्हा कुठं पोर कण्हून श्वास घेते.

दारात मारुती वाटी घेऊन उभा. दूध अजून कोमट आहे.

"ते शिंगराला पाजा," रेश्मा म्हणते. "टेम्पो काढा."

तो म्हणू बघतो की आईनं तर... तेवढ्यात त्यालाच उबळ येते, हूप होते, वाटी सांडते. तोंडाला रुमाल बांधून तो चावी घेतो.

पोर श्वास घेतेय. खोकतेय, पण घेतेय. दवाखान्याचं फाटक दिसायला लागतं, तेव्हा रेश्मा पोरीचं तोंड पुसायला पदर ओढते. टोकाला गाठ आहे. डाव्या हाताची, उलट्या पिळाची. दातांनी सोडवते तर आत चिमूटभर काळी पूड.

मारुती पुढं बघत गाडी हाकतोय. रुमालाआडून विचारतो, "मिश्रीचा वास कुठनं यायला लागला?"