दुधी आणि चणाडाळ

आमच्या मुलुंडच्या इमारतीत स्वतःच्या मनाची खरी बातमी रोज सांगणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे समोरच्या दारातल्या काकू. बाकी आम्ही सगळे ‘बरं आहे’ म्हणणारे. काकूंच्या लेखी ‘बरं आहे’ हे उत्तरच नव्हतं. ते तोंडावर दार लोटून घेणं होतं. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की समोरून प्रश्न यायचा, ‘‘आज काय भाजी?’’ आणि त्या प्रश्नाचा स्वयंपाकाशी काडीचा संबंध नसायचा.

या प्रश्नाचा उगम त्यांनीच एकदा सांगितला होता. काका गेल्यावरचं ते पहिलं वर्ष. मुलगा बंगळुरूहून रोज फोन करी, कशी आहेस विचारी आणि काकू बरी आहे म्हणत. प्रत्यक्षात त्या दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नव्हत्या. सुट्टीत आलेल्या मुलाने ते पाहिलं आणि त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी गोळ्या दिल्या, शिवाय रोज कसं वाटतं ते नेमक्या शब्दांत सांगत जा म्हणाल्या. काकू अडल्या. ‘‘मनाचे शब्द मला येत नाहीत हो. मला भाज्या येतात.’’ डॉक्टरबाई म्हणाल्या, मग भाज्या सांगा.

तेव्हापासून त्यांच्या मनाला भाज्या लागू झाल्या. विचार चिकटून तार सुटत नसेल तो दिवस भेंडीचा. सगळ्यांचा राग येऊन अंगाला खाज सुटल्यासारखं होई तो सुरणाचा. त्या दिवशी जिना वरपासून खालपर्यंत धुतला जाई आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना चपला हातात घ्यायला लावलं जाई. क्वचित भरल्या वांग्याचा दिवस उगवे, तेव्हा काकू आरशासमोर दोनदा वेणी घालत. सर्वांत वाईट दुधी. रडू नाही, राग नाही, कशालाच चव नाही. दुधीचा त्यांना धाक होता, कारण ते पहिलं वर्ष सगळं दुधीचं होतं. त्यावर त्यांनीच काढलेला उपाय असा, की दुधीला एकटं शिजवायचं नाही, चणाडाळ घालायची. म्हणजे कोणीतरी जाऊन शेजारी बसायचं. समजूत घालायची नाही, उपदेश करायचा नाही, नुसतं लसूण सोलत बसायचं. ‘‘आज तू चणाडाळ,’’ असं म्हणून त्या कोणालाही हाताला धरून नेत. गोळ्या मात्र त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. गोळ्या फोडणीसारख्या, त्यांच्याशिवाय भाजी नाही, असं त्यांचं मत होतं.

माझी बायको लग्न होऊन साताऱ्याहून आली तेव्हा तिला या भाषेची कल्पना नव्हती. तिसऱ्याच सकाळी काकूंनी भाजी विचारली आणि तिने सरळपणे सांगितलं, दुधी. खरोखरच दुधी चिरून ठेवला होता. तासाभरात मजल्यावरच्या तीन बायका लसणाचे गड्डे घेऊन आमच्या घरात. कोणी काही बोलेना. हिला वाटलं, मुंबईत नव्या सुनेची अशी परीक्षा घेतात. ती मान खाली घालून लसूण सोलत राहिली आणि दुपारी एकाएकी हुंदके देऊन रडली. आईची आठवण येत होती, हे तिने मलाही सांगितलं नव्हतं. मी घरी आलो तेव्हा डबाभर सोललेला लसूण होता आणि काकू सांगत होत्या, ‘‘तुझी बायको खरं बोलणारी आहे रे. तुझ्यासारखी नाही.’’ मी वर्तमानपत्रात कामाला होतो, आणि रोजच्या प्रश्नाला ‘नंतर सांगतो’ म्हणून निसटत असे.

काळजीचीही त्यांनी वेळ ठरवून दिली होती: संध्याकाळी पाच. त्याआधी आलेली काळजी परत पाठवली जाई. इमारत पाडून नवी बांधायचं नक्की झालं, सर्वांना भाड्याच्या घरात जावं लागणार, ही बातमी सोसायटीचे सेक्रेटरी सकाळी घेऊन आले. काकूंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, ‘‘पाच वाजता या.’’ ते आले. काकूंनी पॅसेजमध्ये दोन स्टुलं मांडली आणि अगदी मन लावून काळजी केली: नव्या जागी कोण असेल, दार उघडं ठेवता येईल का, भाजी कोणाला विचारायची. घरात कुकरची शिट्टी झाली तशा वाक्य अर्धं टाकून उठल्या. सेक्रेटरी मात्र बसूनच राहिले. त्यांची स्वतःची काळजी तेव्हा कुठे सुरू झाली होती.

काकूंना दहिसरला सातव्या मजल्यावर घर मिळालं, आम्हाला भांडुपला. मी फोन करत असे. आधी भेंडी होती, मग सुरण. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘बरी आहे.’’ पुढच्या फोनलाही तेच. बायकोने स्वयंपाकघरातूनच विचारलं, ‘‘बरी आहे म्हणाल्या?’’ आणि गॅस बंद केला. लसूण पिशवीत घालून आम्ही निघालो.

दहिसरच्या त्या मजल्यावर चार बंद दारं होती. बेल दोनदा वाजवली. आतून बारीक आवाज आला, ‘‘कोण?’’

बायको म्हणाली, ‘‘चणाडाळ.’’

आतून पावलं घासत दाराशी आली. मग कडी निघाली. काकूंनी वेणी घातलेली नव्हती. घरात पडदे ओढलेले होते. आम्ही तिघं जमिनीवर बसून लसूण सोलू लागलो. अर्धा गड्डा झाल्यावर काकू हळूच म्हणाल्या, ‘‘दुधीच आहे गं. सांगायचं कोणाला इथे?’’ गोळ्या चालू होत्या, हे बायकोने विचारून घेतलं. डॉक्टरबाईंकडे मंगळवारी तिने बरोबर जायचं ठरलं. संध्याकाळ होता होता त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘पाकळीचं पार भुस्कट केलंस रे. बातम्या पण अशाच सोलायचास?’’ मला हायसं वाटलं.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. ‘‘आणि तुझी काय भाजी?’’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी नंतर सांगतो म्हटलं नाही. म्हटलं, ‘‘भेंडी, काकू. जुना पॅसेज डोक्यातून जात नाही.’’ त्यांनी मान डोलावली.

आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. तेवढ्यात समोरच्या दारातून एक मुलगी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आली. लिफ्टचं दार मिटताना काकूंचा आवाज आला, ‘‘काय गं, आज काय भाजी?’’

‘‘बाहेरून मागवलंय, आंटी.’’

ही भाजी काकूंकडे नव्हती. त्या त्यावर काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. लिफ्ट खाली निघाली, आणि वर कुठलंही दार लागल्याचा आवाज झाला नाही.