उत्तर सांगायचं नाही

आमच्या शाळेत किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले की एक जण सुरू करतो, दुसरा भर घालतो, घंटा झाली की अर्धा किस्सा उद्यावर जातो. असे अर्धे-अर्धे किती साचलेत, त्याचा हिशेब नाही. मी संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात आठवीला विज्ञान शिकवतो. शिकवतो म्हणावं की नाही, हाच गेल्या वर्षभरातला माझा गोंधळ आहे.

त्याची सुरुवात तालुक्याच्या प्रशिक्षणात झाली. ‘ऑनलाइन शोध उपक्रम’ असं त्याचं नाव. शिक्षकाने मुलांना एक प्रश्न द्यायचा. आपण आधी वाचून निवडलेल्या तीन-चार वेबसाइटच्या लिंक द्यायच्या, गटात कामं वाटायची आणि बाजूला व्हायचं. मुलं वाचतील, आपसात वाद घालतील, उत्तरापर्यंत स्वतः पोचतील. उत्तर सांगायचं नाही, हा पहिला नियम.

आमच्या मराठीच्या वानखडे मॅडम माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी हात वर करून विचारलं, ऐन तासाला नेटवर्क गेलं तर काय करायचं?

प्रशिक्षक हसून म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं?”

मॅडम जेवणाच्या सुट्टीभर विचार करत होत्या. दुपारचं सत्र सुरू झालं तशा उभ्या राहिल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “मला वाटतं, तुम्हालाही माहीत नाही.”

* * *

शाळेत चार टॅब होते. मी मुलांचे चार गट केले आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: रात्री झाडाखाली झोपू नये म्हणतात, ते खरं का? लिंक दिल्या आणि खुर्चीत बसलो.

दहा मिनिटं कोणी टॅबला हात लावला नाही. सगळी माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, तर तीही खिडकीबाहेर बघायला लागली. शेवटी पहिल्या बाकावरच्या पूजाने भीत भीत विचारलं, “सर, तुमी आमच्यावर नाराज हायेत काय?”

मी सांगितलं, नाराज नाही, ही नवी पद्धत आहे. ते तिला पटलं नसावं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळा सुटायच्या वेळेला आले. बराच वेळ कापसाच्या वेचणीबद्दल, पावसाबद्दल बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “सर, पोरगी म्हंते तुमी शिकवनं सोडलं. घरी काही अडचन हाय काय?”

* * *

हळूहळू मुलं बोलायला लागली. झाडाच्या प्रश्नावर पूजाच्या गटाने सगळं वाचून उभ्याने उत्तर दिलं: रात्री झाड कार्बन डायऑक्साइड सोडतं हे खरं, पण मोकळ्या हवेत त्याने माणसाला काही होत नाही. शेजारी झोपलेला माणूसही तोच वायू सोडतो.

मला इतका आनंद झाला की मी हेडसरांना वर्गात बोलावलं. त्यांच्यासमोर पूजाने तेच पुन्हा सांगितलं. सर खूश झाले. त्यांनी मागच्या बाकावरच्या गणेशला विचारलं, मग यावरून तू काय शिकलास?

गणेशने गंभीरपणे विचार केला. “सर, हेच की आबाजवळ झोपनं बंद करा लागते.”

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. नियम आठवून मी काहीच बोललो नाही.

* * *

त्यानंतर एकदा केंद्रप्रमुख न कळवता भेटीला आले. म्हणजे आमच्या भागातल्या दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणारे साहेब. त्या दिवशी वर्गात नेटवर्क नव्हतं, म्हणून मी आठवी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीजवळच्या उंचवट्यावर नेली होती. साहेबांना रिकामा वर्ग दिसला. हेडसर त्यांना घेऊन भर उन्हात चढण चढून वर आले.

वर अठ्ठावीस मुलं टॅब आणि माझा मोबाइल डोक्यावर धरून गोल गोल फिरत होती. मी पुढे होऊन नमस्कार केला. साहेबांनी मला थांबवलं आणि जवळच्या मुलीला विचारलं, काय शोधताय?

“नेटवर्क, सर.”

मला वाटलं, आता शेरेबुकात काय लिहितात कोण जाणे. ते गेल्यावर मी आणि हेडसरांनी वही उघडली. लिहिलं होतं: ‘विद्यार्थी अत्यंत चिकाटीने शोध घेताना आढळले. समाधान वाटले.’ ते खरंच समाधान होतं की टोमणा, यावर आमच्या स्टाफरूमचं अजून एकमत नाही.

* * *

लोणारच्या सरोवराचा उपक्रम मात्र माझ्याच अंगाशी आला. हे सरोवर किती जुनं, असा सोपा प्रश्न दिला होता. एका गटाला एका लिंकवर पन्नास हजार वर्षांच्या आसपासचं वय मिळालं, दुसऱ्याला दुसऱ्या लिंकवर पाच लाखांच्या वरचं. दोन्ही लिंक मीच निवडलेल्या. मी त्या पूर्ण वाचल्या नव्हत्या, हे मला तिथं उभ्या-उभ्या कळलं.

मुलं म्हणाली, सर, आता तरी सांगा. मला सांगता आलं असतं तर मी त्या दिवशी नियम मोडला असता. पण मलाच माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो. मग पूजा म्हणाली, “म्हंजे दोघंबी मोठे लोक, अन् दोघायचं जमत नाई. मंग आपन आयकावं कोनाचं?”

वीस वर्षांत इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

* * *

पुढचा प्रश्न मी घरी करायला दिला आणि लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकल्या. प्रश्न होता: आपल्या गावच्या बोअरचं पाणी खारं का?

बहुतेकांनी लिंकवरचं जसंच्या तसं उतरवलं. गायत्री नावाची एक अबोल मुलगी आहे, तिच्या वहीत मात्र पाच पानं होती. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, विहिरीच्या पाण्यात शिजते. पावसाळ्यानंतर खारेपणा कमी लागतो. शेजारच्या दोन शेतांतल्या बोअरची खोली आणि पाण्याची चव, दोन्ही समोरासमोर मांडलेली. शेवटी लिंकवरच्या एका वाक्याबद्दल लिहिलं होतं, ‘हे आमच्या वावरात जुळत नाही.’

मी ते वर्गात मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गायत्रीने मान वर केली नाही. मी तिला दोन साधे प्रश्न विचारले, तिला एकाचंही उत्तर देता आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. उद्या घरून कोणाला तरी घेऊन ये, एवढंच मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. थेट वावरातून आलेली, दाराबाहेर चपला काढून उभी. मी बसा म्हटलं तरी बसली नाही. पोरीला बोलू नका म्हणाली, ते सगळं तिने, म्हणजे आईनेच लिहिलं होतं. गायत्री भाकरी करत होती, तोवर सहज मोबाइल हातात घेतला, म्हणे. मग सोडवेना. शेजारच्या बोअरचं पाणी तिने स्वतः चाखून पाहिलं होतं. अक्षर गायत्रीसारखं काढायला दोन दिवस गेले.

मुलीला रागवायचं, आईला समजवायचं की शाबासकी द्यायची? मी नुसतं हो-हो करत राहिलो.

जाताना ती दाराशी थांबली. पुढचा प्रश्न कधी देता, असं विचारलं.

मी म्हटलं, ताई, हा उपक्रम आठवीच्या मुलांसाठी आहे.

“हाव ना सर,” ती म्हणाली. “मी सातवी पास झाली अन् लगन झालं. आठवी बाकीच हाय माही.”