व्याह्यांचे जोडे आणि फिलाडेल्फियाची घंटा

कापसाचे काम उरकले आणि न्यूयॉर्कहून बोट सुटायला एक दिवस उरला, तेव्हा फिलाडेल्फिया पाहून येऊ ही दुर्बुद्धी माझीच. सोबत ठाण्याचे दाजीबा. त्यांची मुलगी ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर माझ्या मुलाला द्यायची ठरली होती. बोट चुकली असती तर कल्याणचे वऱ्हाड ठाण्यास पोचले असते आणि मांडवात ना वरपिता, ना वधूपिता.

सकाळी स्टेशनाबाहेर पडलो. शहर लाल विटांचे, रस्ते दोरी लावून आखलेले. कल्याणच्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला इथे चुकायची सोयच नाही. एक बाई प्रेट्झेल (वर खडे मीठ लावून भाजलेला पिठाचा वेढा) विकत होती. दाजीबांनी आधी मीठच चाखले, आपल्या खाडीच्या मिठाची सर नाही असा निकाल दिला आणि चार वेढे फस्त केले.

नदीकाठी पांढऱ्या खांबांची देखणी देवळे दिसली. मी थांबवीपर्यंत दाजीबांनी पायरीवर जोडे काढलेसुद्धा. आत देव नव्हता. शहराला पाणी चढवणारी चाके गरगरत होती. दाजीबांनी चाकांना नमस्कार केला. पाणी देतात ना, म्हणाले. पुढे चर्च झाले, एका थोर पुरुषाची कबर झाली, जुने सभागृह झाले. प्रत्येक दारात जोडे काढायचे, त्या गारठ्यात अनवाणी फिरायचे, पुन्हा चढवायचे. मी विलायती बुटांत तिष्ठत उभा. होणाऱ्या व्याह्यांना चार शब्द सुनावता येत नाहीत, म्हणून दातओठ खात होतो.

दुपार कलता कलता मुख्य स्थळी आलो. याच इमारतीत या लोकांनी इंग्रजांचे राज्य झुगारल्याचे जाहीर केले. आत ती नामांकित घंटा, भली मोठी आणि तडकलेली. दाजीबांचा हात सवयीने वर गेला, तो मी वरच्या वर धरला. मग ते तिच्यापुढे इतका वेळ उभे राहिले की मला गाडीची शिट्टी ऐकू येऊ लागली.

बाहेर येतो तो पायरीवर जोडे नाहीत.

शोधता शोधता ते बाजूच्या दालनात सापडले. कोणा सज्जन बाईने ते पायरीवरून उचलून पहारेकऱ्याला दिले होते आणि त्याने ते जुन्या वस्तूंच्या टेबलावर एका शिपायाच्या टोपीशेजारी ठेवले होते. दोन बायका आमच्या तांबड्या पुणेरी जोड्यांकडे मोठ्या आदराने पाहत होत्या. पहारेकरी म्हातारा, एक हात लढाईत गेलेला. म्हणाला, तुमचे असतील तर पायांत घालून दाखवा.

दाजीबा हलेनात.

"घाला हो, गाडी जाईल," मी म्हणालो.

"इथे नाही."

"मुलीचं लग्न आहे तुमच्या."

"ठाण्याच्या कचेरीत साहेबापुढे हुकमानं काढतो, व्याही. इथे मनानं काढलेत. बाहेर गेल्यावरच घालीन."

संतापाने मी हे शब्दन् शब्द त्या पहारेकऱ्याला इंग्रजीत सांगितले. वाटले, हसेल आणि देऊन टाकील. तो हसला नाही. जोडे काखेत धरून तो आमच्यापुढे बाहेर चालत गेला आणि खालच्या पायरीवर एकेक नीट मांडून ठेवला.

मग आम्ही असे धावलो की शहराचे उरलेले वैभव मला फक्त डाव्या डोळ्याने दिसले. हलत्या गाडीत व्याह्यांना मागून ढकलले. बोट मिळाली, लग्न लागले.

पावसाळ्यानंतर ठाण्यास कचेरीत आम्हा दोघांचे काम निघाले. विलायती बुटांना आत मुभा असते, म्हणून शिपायाने मला वाट दिली आणि दाजीबांच्या पायांकडे बोट दाखवले. ते मुकाट्याने वाकले. इतकी वर्षे मी हे पाहत आलो होतो, पण आता मला ती परदेशातली पायरी आठवली. मीही त्यांच्याशेजारी बसून नाड्या सोडू लागलो. शिपाई गोंधळला. दाजीबा हळूच म्हणाले, तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. नाड्यांना गाठ बसलेली, सुटता सुटेना. आत साहेब खोळंबला होता, आणि चिडण्याची पाळी या खेपेस माझी नव्हती.