चुकलेली देवराई आणि तिची सायटेशन्स

आकडा पाहून प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले.

“भाऊ, एवढी सायटेशन्स? आपल्या कॉलेजात?”

मी तेव्हा शेलूबाजारजवळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पर्यावरणाचा इतिहास शिकवणाऱ्या कुंदाताईंच्या प्रमोशनची फाइल माझ्याकडे होती. असिस्टंट, असोसिएट आणि मग प्रोफेसर, अशी ती शिडी. त्यांची शेवटची पायरी राहिली होती, आणि निवृत्ती जवळ आली होती. ही मुलाखत हुकली तर पुन्हा संधी नव्हती.

सायटेशन म्हणजे काय, तर दुसऱ्या अभ्यासकाने आपल्या लेखात तुमच्या लेखाचा उल्लेख करणे. कॉम्प्युटर असे उल्लेख मोजतो. मुलाखत घेणाऱ्या समितीला तो आकडा द्यायचा असतो. कुंदाताईंचे बाकीचे निबंध बेताचेच होते. पण एक निबंध भलताच गाजला होता. इंझोरीकडच्या एका गावातल्या झाडीबद्दलचा. ती शेकडो वर्षांची देवराई आहे, देवाच्या नावाने राखलेली, असं त्यांनी लिहिलं होतं.

आकडा दिला की माझं काम संपत होतं. पण समोर छापील मजकूर आला की तो वाचल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून या निबंधाचा उल्लेख करणारे लेख एकेक काढून वाचू लागलो. पहिल्यात लिहिलं होतं, हे मत टिकत नाही. दुसऱ्यात होतं, मोजणीच्या जुन्या नकाशात तिथे उघडं गुरचरण दिसतं. तिसरा लेखक जरा सभ्य होता. त्याने ‘घाईचा निष्कर्ष’ एवढंच म्हटलं होतं. बहुतेकांनी ताईंचा उल्लेख केला होता तो त्यांना खोडून काढण्यासाठी.

मी प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, “कॉम्प्युटर शिव्या आणि ओव्या वेगळ्या मोजतो का? नाही ना? मग आपण कायले मोजायच्या?”

ताईंनाही सांगितलं. मला वाटलं, त्या खचतील. त्या चष्मा काढून हसतच बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, रविवारी मोकळे आहात का? आबाजींना विचारून येऊ.”

त्या निबंधाची सगळी माहिती त्यांना गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दिली होती. त्यालाच त्या आबाजी म्हणत. काळीपिवळी जीप पकडून आम्ही गेलो. आबाजी कडुनिंबाखाली बसले होते. शेजारी शेंदूर फासलेला देव. ताईंनी नकाशाचं सांगितलं, तसे ते गालात हसले.

“नकाशा बरोबर हाये. झाडं म्याच लावली. लोकं कवळीच तोडून राह्यले होते. मानसाले कोनी भेत नाही. म्हणून नाल्यातला गोटा आणला, शेंदूर फासला.”

“मंग मले काहून नाही सांगतलं, आबाजी?” ताईंनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“तुमी इचारलं, देव कवाचा हाये. देव त पयलेपासूनच हाये. गोटा कवाचा, हे कुठी इचारलं तुमी?”

ताईंनी विचारलं, हे छापलं तर लोक झाडं तोडतील का?

“आता कायले तोडतीन? आता त नवस फेडाले येतात. अन् बाई, तुमचं छापलेलं इकडं वाचते कोन?”

परतीच्या जीपमध्ये ताई हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून हसत होत्या.

मुलाखतीच्या दिवशी प्राचार्यांनी मोठा आकडा फाइलच्या पहिल्याच पानावर लावला होता. समितीच्या अध्यक्षांनी त्याचं कौतुक केलं. ताई म्हणाल्या, “सर, यातले बहुतेक लोक मला चूक म्हणतात. आणि ते बरोबर आहेत.” प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. ताईंनी मग गोट्याची हकीकत सांगितली. देव किती जुना, हा प्रश्नच मी चुकीचा धरला होता, त्या म्हणाल्या. झाडं वाचवायला गावाला देव का आणावा लागला, हा खरा इतिहास आहे. त्यावर नवा निबंध लिहीत आहे.

अध्यक्षांनी फाइल बाजूला ठेवली. मग म्हणाले, “आमच्या गावात पण एक असा देव आहे. आता मला शंका येऊ लागली.”

ताई प्रोफेसर झाल्या. पेढे प्राचार्यांनीच वाटले.

नवा निबंध छापून आला. माझ्या मते त्यांचं सर्वांत चांगलं लेखन. मागच्या वर्षी ताई गेल्या. परवा मी सवयीने त्यांची सायटेशन्स काढून पाहिली. चुकलेल्या देवराईचा आकडा अजून वाढतो आहे. चूक दाखवायला माणसं लांबून येतात. ती दुरुस्त झाली की नाही, ते पाहायला कोणी थांबत नाही.

दुरुस्तीच्या निबंधाला एकच सायटेशन आहे. इतिहासाच्या एका नियतकालिकात ताईंवर स्मृतिलेख आला होता, त्यातलं. तो लेख मी लिहिला आहे.